ब्ल्यूबक आणि आपली नीलगाय

प्रश्न : न्यू पॅलेसमधील संग्रहालयात पेंढा भरलेले प्राणी पाहताना माझ्या मुलीने विचारले, की आफ्रिकेतून नामशेष झालेला ‘ब्ल्यूबक’ म्हणजे आपली नीलगायच का? मला तिला नीट सांगता आले नाही. कृपया खुलासा करावा.
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : दोघांच्या नावांत निळा रंग असला, तरी कुळे वेगळी आहेत. विदर्भात जिला रोही म्हणतात ती नीलगाय भारतीय उपखंडातली असून तिचे जवळचे नाते चौशिंग्याशी आहे. ब्ल्यूबक हा आफ्रिकेतील गवताळ प्रदेशांतल्या ‘हिप्पोट्रॅगस’ या प्रजातीतला कुरंग होता. या ग्रीक नावाचा अर्थ ‘घोडा-बोकड’ असा होतो, आणि मानेवरची ताठ आयाळ व मागे वळलेली शिंगे पाहिली की तो पटतो. मुलीला सोपी खूण सांगावी : नीलगाईमध्ये शिंगे फक्त नराला येतात, हिप्पोट्रॅगसमध्ये मादीलाही असतात.

ब्ल्यूबक दक्षिण आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यालगतच्या लहानशा पट्ट्यातच उरला होता. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ पल्लास यांनी १७६६ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि १८०० च्या सुमारास, म्हणजे एका माणसाच्या आयुष्याइतकाही काळ लोटण्याआधी, युरोपीय वसाहतवाल्यांच्या बंदुका आणि त्यांची वाढती शेती यांपुढे तो संपला. ऐतिहासिक काळात आफ्रिकेतून नाहीसा झालेला हा पहिला मोठा सस्तन प्राणी मानला जातो, आणि मला ही हानी आजही अस्वस्थ करते. लायडन, पॅरिस, स्टॉकहोम व व्हिएन्ना येथे त्याचे पेंढा भरलेले नमुने आहेत; त्यांत निळी झाक शोधूनही सापडत नाही.

त्याच्याही पूर्वी, हिमयुगांच्या काळात, याच प्रजातीतला ‘हिप्पोट्रॅगस गिगास’ हा अधिक थोराड कुरंग होऊन गेला. तो केवळ जीवाश्मांतून ज्ञात आहे. रोन आणि सेबल या दोन जाती मात्र हयात आहेत. सेबलचा प्रौढ नर काळाभोर, तर माद्या व पिल्ले तपकिरी असतात. नर झुंजताना पुढचे गुडघे टेकून शिंगांत शिंगे अडकवतात. सेबलची अंगोलातील महाकाय उपजाती तेथील दीर्घ यादवीत संपली असावी अशी भीती होती, परंतु २००२ मध्ये शांतता झाल्यानंतर कांगान्दाला राष्ट्रीय उद्यानात तिचा कळप कॅमेऱ्यात टिपला गेला. अंगोलाचा राष्ट्रीय फुटबॉल संघ याच प्राण्याच्या नावाने ‘पलांकास नेग्रास’ म्हणून ओळखला जातो. कोल्हापुरातल्या मुलीला ही ओळख सर्वांत आधी लक्षात राहील.