‘तो मुद्दाम करतो’ म्हणणाऱ्या आईसाठी

‘‘मॅडम, काल पाढा घडाघडा म्हटला, आज विचारलं तर गप्प. मुद्दाम करतो हो!’’ ही तक्रार मी सतत ऐकते. गोव्यातल्या डिचोलीहून आलेली ही आईही तेच म्हणाली. मुलगा नऊ वर्षांचा. शाळेत ‘हट्टी’ म्हणून शिक्का बसलेला, घरी बाबांचा हात उठायचा.

मी त्याला म्हटलं, ‘‘चपला बाहेर ठेव, खिडकी लाव आणि ती लाल पेन्सिल मला दे.’’ खिडकीपाशी गेला आणि तिथेच घुटमळला. हट्ट कसला, पोर गोंधळलं होतं. मग एकेक काम सांगितलं. तिन्ही केली, वर पेन्सिलीला टोकही काढून दिलं.

गरोदरपणाची माहिती घेताना ‘दारू प्यायचात का?’ असं मी कधी विचारत नाही, उत्तर ‘छे!’ असंच येतं. ‘‘काजूच्या हंगामात हुर्राक व्हायची का?’’ विचारलं. हुर्राक म्हणजे काजूच्या बोंडांची दारू. ती खाली बघत म्हणाली, ‘‘व्हायची. दिवस गेलेत हे कळलंच नव्हतं. नंतर फक्त पोर्ट वाईन. रक्त भरतं म्हणून सासूबाईच द्यायच्या... म्हणजे मीच केलं?’’

‘‘तुम्ही जाणूनबुजून केलं नाहीत. तोही करत नाही.’’

ती बराच वेळ रडली. माझ्या मते उपचार तिथेच सुरू झाला. अपराधी वाटणारी आई एक तर मारते, नाही तर लपवते.

मद्य वारेतून बाळाच्या रक्तात जातं. त्याचं कोवळं यकृत ते पचवू शकत नाही आणि मेंदू तर नऊही महिने घडत असतो. 1973 मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी त्यातून होणाऱ्या विकाराला ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ असं नाव दिलं. त्यांनी तो ओळखला मुख्यतः चेहऱ्याच्या खुणांवरून: पातळ वरचा ओठ, नाकाखालची सपाट खाच. पण पोटात असताना मद्याचा परिणाम झालेल्या बहुतेक मुलांत या खुणा नसतात, म्हणून ती ‘खोडकर’ ठरतात. निदान मी करत नाही. अशीच लक्षणं इतर कारणांनीही दिसतात. तिला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) बालरोग विभागात पाठवलं, हुर्राकचं तिथे स्पष्ट सांगा असं बजावून.

घरासाठी सांगितलं ते साधं: एका वेळी एकच काम, रोज त्याच शब्दांत, सकाळच्या कामांची चित्रं भिंतीवर. कालच्या चुकीची शिक्षा आज नको, त्याला ती जोडता येत नाही.

बाबा म्हणाले, ‘‘म्हणजे लाडच करायचे?’’

‘‘मुलाला चष्मा दिला तर त्याला लाड म्हणता का?’’

दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर हुर्राक, बियर, पोर्ट वाईन, सगळं आधीच बंद. सुरक्षित माप असं काही नाही. मात्र रोजची सवय असलेल्या बाईने एकदम सोडू नये, डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी.