शेकडा, पण कशाचा?

प्रश्न: मुलगी नववीत आहे. सूत्रं पाठ आहेत, पण शेकडेवारीची शाब्दिक उदाहरणं आली की चुकते. किंमत २० टक्के वाढवून नंतर २० टक्के सूट दिली, तर किंमत पूर्वीइतकीच राहते असं ती ठामपणे म्हणते. कसं समजवावं?
— एक पालक, सातारा

उत्तर: सूत्र तूर्त बाजूला ठेवा आणि आकडे घ्या. ५०० रुपयांची वस्तू २० टक्क्यांनी वाढली की ६०० ची होते. आता सूट ६०० वर मिळणार, म्हणजे १२० रुपये. उरले ४८०. वाढ ५०० वर मोजली आणि सूट ६०० वर. टक्के तेच असले तरी पाया बदलला. ६०० वरून पुन्हा ५०० वर यायला १०० रुपये कमी करावे लागतात, म्हणजे शेकडा १६ पूर्णांक २/३.

तिला एक सवय लावा: टक्क्यांचा आकडा दिसला की त्याच्या डोक्यावर ‘कशाचे?’ याचं उत्तर पेन्सिलीने लिहायचं. खरेदीचे, छापील किमतीचे, एकूण गुणांचे. नफा-तोटा शेकडा काढताना पाया खरेदी किमतीचा आणि सूट काढताना छापील किमतीचा. एकाच उदाहरणात दोन्ही आले की गोंधळ होतो तो इथेच.

दहावीत जीएसटी शिकताना हीच चूक पुन्हा डोकं वर काढते. १८ टक्के करासह किंमत १,१८० रुपये असेल, तर बरीच मुलं १,१८० चे १८ टक्के काढून २१२.४० रुपये कर लिहितात. पण कर मूळ किमतीवर लागलेला असतो. मूळ किंमत १०० धरली तर करासह ११८; म्हणून १,१८० × १०० ÷ ११८ = १,००० मूळ किंमत आणि कर १८० रुपये. ताळा करायला लावा: १,१८० मधून २१२.४० वजा केले तर ९६७.६० उरतात आणि त्यांचे १८ टक्के २१२.४० भरत नाहीत.

प्रश्न: अ : ब = २ : ३ आणि ब : क = ४ : ५, तर अ : ब : क = २ : ३ : ५ का नाही?
— इयत्ता नववी, नांदेड

उत्तर: ‘ब’ एका ठिकाणी ३ आहे, दुसऱ्या ठिकाणी ४. जोडण्याआधी तो सारखा करायला हवा. ३ आणि ४ चा लसावि १२. पहिलं गुणोत्तर ८ : १२, दुसरं १२ : १५. उत्तर ८ : १२ : १५.

प्रश्न: वयांची उदाहरणं कशी मांडावीत?
— शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर: वयांचं गुणोत्तर ३ : ५ दिलं की मुलं वयंच ३ आणि ५ धरतात. ३क्ष आणि ५क्ष लिहायला लावा. सहा वर्षांनी गुणोत्तर २ : ३ होणार असेल, तर सहा दोन्ही पदांत मिळवायचे, एकाच पदात मिळवणं ही नेहमीची चूक. (३क्ष + ६) : (५क्ष + ६) = २ : ३. म्हणून ९क्ष + १८ = १०क्ष + १२, क्ष = ६. आजची वयं १८ आणि ३०. सहा वर्षांनी २४ आणि ३६.