२०० हॉर्सपॉवर घेण्याआधी दुसऱ्या गिअरचा हिशेब करा

तुम्ही स्वतः बांधताय ती हलकी, उघडी स्पोर्ट्स गाडी तेलपाण्यासह ५५० किलोची, इंजिन पुढे, ड्राइव्ह मागच्या चाकांना. प्रश्न एवढाच, की १२० हॉर्सपॉवरचं साधं १.६ लिटर बसवायचं की २०० चं टर्बो (इंजिनात दाबाने जास्त हवा कोंबणारं). रस्त्यावर चालवणार असाल तर डोळे झाकून १२० चं.

वजन चालकासकट धरा. तुम्ही ७५ किलोचे, म्हणजे एकूण ६२५. टनाला १९२ हॉर्सपॉवर झाले, म्हणजे भरपूर. केटरहॅम या ब्रिटिश कंपनीने सेव्हन १६० या अशाच हलक्या, उघड्या गाडीत ६६० सीसीचं, ८० हॉर्सपॉवरचं सुझुकी इंजिन बसवून गाडी विकलीच की!

खरी गंमत टायरपाशी आहे. १.६ चा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, १५० न्यूटन-मीटर धरू. दुसऱ्या गिअरचा रेशो २, डिफरन्शियलचा (मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरसंचाचा) ३.६, चाकाची त्रिज्या २८ सेंटिमीटर. गिअरबॉक्स-डिफरन्शियलमध्ये दहा टक्के गेले, तरी मागच्या टायरांवर ३,४५० न्यूटनच्या आसपास जोर येतो. चांगल्या रोड टायरना कोरड्या रस्त्यावर, सरळ जाताना, साधारण ४,००० झेपतो. म्हणजे दुसऱ्यात अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी गाडी सरळ पळते. टर्बोचे २२० न्यूटन-मीटर घाला, तोच आकडा ५,१०० वर जातो. चाकं नुसती जागच्या जागी फिरणार, आणि वळणाच्या मधोमध बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) आला तर गाडीचं शेपूट आधी बाहेर. पहिल्या गिअरबद्दल बोलायलाच नको, तिथे १.६ सुद्धा टायर जाळतं.

टॉप स्पीडसाठी म्हणत असाल तर उघडी गाडी हवेत भिंतीसारखी अडते. ताकद दुप्पट केलीत तरी वेग जेमतेम सव्वापट. वर इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा), मोठा रेडिएटर, मजबूत गिअरबॉक्स, मोठे ब्रेक... वजन कुठे वाढतंय बघा, बरंचसं नाकावरच. उलट ५० किलो कमी केलेत तर दहा हॉर्सपॉवर फुकटात मिळाल्यासारखे, शिवाय ब्रेकिंग आणि वळणं दोन्ही सुधारतात.

बाइकचं इंजिन हलकं असतं, आवाजही झकास. पण खालच्या आरपीएमला दम नाही आणि रिव्हर्स गिअर बहुतेकांत नसतोच. पार्किंगमधून गाडी ढकलायची तयारी असेल तर घ्या.

इंजिन कुठलंही घ्या, संपमध्ये (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीत) बॅफल, म्हणजे तेल सरकू न देणारे आडवे पडदे, टाकल्याशिवाय रेसिंग ट्रॅकवर जाऊ नका. लांब वळणात तेल एका बाजूला सरकतं, पिकअप (तेल ओढणाऱ्या नळीचं तोंड) उघडा पडतो, पंप हवा ओढतो आणि बिग एंडची, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकशाफ्टला जोडतो तिथली, बेअरिंगं जातात.