स्टॅटिकचा झटका बसल्यावर ॲम्प्लिफायर मुका झाला, तर आधी काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की ब्लँकेटमधून उठून ॲम्प्लिफायरच्या नॉबला हात लावला, चट्कन ठिणगी उडाली आणि तेव्हापासून डिस्प्ले लागतो पण आवाज येत नाही. जळाला असेल का, असं विचारलंय. बहुतेक जळाला नसेल, म्हणून लगेच नवा घ्यायला धावू नका.

त्याआधी एक खात्री करा. झटका एकदाच बसला आणि नंतर हात लावला तर काहीच लागलं नाही, तर तो स्टॅटिक, म्हणजे अंगावर साठलेल्या विजेचा. पण प्रत्येक वेळी हात लावला की मुंग्या येत असतील, तर तो घरातल्या विजेचा करंट आहे आणि मग आवाजाची काळजी नंतर करायची. दोन पिनांच्या उपकरणावर हात अलगद फिरवला की जरा खरखरीत लागतं, ते आतल्या फिल्टर कपॅसिटरमधून (कपॅसिटर म्हणजे वीज साठवणारा भाग) झिरपणाऱ्या अगदी थोड्या करंटमुळे. तीन पिनांच्या उपकरणाला मात्र असं लागता कामा नये. आपल्याकडे तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये सर्रास खुपसतात, तिथेच अर्थिंग तुटतं. वायरमनला बोलावून सॉकेट मोजून घ्या: फेज आणि अर्थमध्ये २३०च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये फार तर दोन-चार व्होल्ट. हे टाळू नका, यात जीव जाऊ शकतो.

स्टॅटिकच असेल, तर माझा अनुभव सांगतो. पुण्यात जानेवारीतली कोरडी दुपार, अंगात लोकरी स्वेटर, आणि अगदी तुमच्यासारखाच चटका. रिमोटने चार-पाच वेळा बंद-चालू केला, ढिम्म. रात्री सगळ्या वायरी काढल्या आणि सकाळी ते बारा किलोचं धूड तीन जिने उतरवून दुरुस्तीच्या दुकानात नेलं. कारागिराने टेबलावर ठेवून नुसती पिन लावली. चार सेकंद गेले, आतून 'टक्' आवाज आला आणि गाणं सुरू झालं. त्याने स्क्रूसुद्धा काढला नव्हता. यंत्र रात्रभर विजेपासून सुटं होतं, एवढंच.

असं का होतं? कोरड्या हवेत आपल्या अंगावर हजारो व्होल्ट साठतात. चटका जाणवतो तोच साधारण ३,००० व्होल्टच्या पुढे. पण शरीर म्हणजे जेमतेम १०० पिकोफॅरडचा, अगदी चिमुकला कपॅसिटर, त्यामुळे ऊर्जा नगण्य असते आणि आपल्याला काही होत नाही. नाजूक चिपला मात्र काहीशे व्होल्टही पुरतात. कधी ती खरंच मरते, पण पुष्कळदा नुसती अडकून बसते आणि तिचा सप्लाय पूर्ण शून्यावर येईपर्यंत सुटत नाही. रिमोटने बंद केल्यावर यंत्र फक्त स्टँडबायवर जातं, आतल्या कंट्रोलरला वीज मिळतच राहते. म्हणून भिंतीतली पिन उपसून काढायची. स्पीकरच्या, टीव्हीच्या, सगळ्या वायरी सोडवायच्या आणि निदान अर्धा तास, जमलं तर रात्रभर तसंच ठेवायचं.

मग काहीही न जोडता फक्त पिन लावा, चालू करा आणि कान देऊन ऐका. बहुतेक ॲम्प्लिफायरमध्ये चालू केल्यावर काही सेकंदांनी रिले, म्हणजे आतला आपोआप चालणारा स्विच, 'टक्' करतो. आउटपुटवर घातक डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) नाही याची खात्री पटल्यावरच तो स्पीकर जोडून देतो. टक् झालं तर अर्धी लढाई जिंकलात. पिन काढून एकच स्पीकर जोडा आणि जुन्या मोबाइलवरून साध्या ऑक्स केबलने गाणं लावा. ते वाजलं की पुन्हा बंद करून एकेक वायर परत जोडत जा. ब्लूटूथ, ऑक्स सगळं वाजतंय आणि टीव्हीचाच आवाज नाही, असं निघालं आणि टीव्ही एचडीएमआय केबलने जोडलेला असेल, तर बहुधा एचडीएमआयचा भाग गेलाय. ती पोर्ट फार नाजूक असते. तोवर टीव्ही ऑप्टिकल केबलने जोडून काम भागतं. एकच बाजू मुकी असेल तर पिन काढून ॲम्प्लिफायरच्या मागे डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी अदलाबदल करून बघा. आधीचाच स्पीकर मुका राहिला तर दोष स्पीकरचा किंवा त्याच्या वायरीचा, आता दुसरा स्पीकर मुका झाला तर ॲम्प्लिफायरचा.

टक् झालंच नाही, किंवा प्रोटेक्टचा (बिघाड दाखवणारा) दिवा लुकलुकतोय, तर तिथेच थांबा. कोणी म्हणेल, रिले शॉर्ट करून, म्हणजे त्याला डावलून सरळ वायर जोडून बघू. अजिबात करू देऊ नका. आउटपुटवर डीसी असेल तर स्पीकरची कॉइल काही क्षणांत जळते, आणि मग एका चिपच्या दुरुस्तीत स्पीकरचा खर्च वाढतो. मल्टीमीटर असला तरी अशा वेळी बाहेरच्या टर्मिनलवर शून्यच दिसेल, कारण रिले उघडा आहे, म्हणजे त्याने आतली जोडणी तोडलेली आहे. त्या शून्यावर विश्वास ठेवू नका. झाकणही उघडू नका. पिन काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, आणि एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा) असेल तर तिथे ३२५ व्होल्टपर्यंत डीसी असू शकतो.

पुढे पुन्हा होऊ नये म्हणून नॉबला हात लावण्याआधी हातातल्या किल्लीने खिडकीच्या ग्रिलला किंवा लोखंडी कपाटाला स्पर्श करायची सवय लावा. ठिणगी किल्लीच्या टोकावर उडते, बोटाला लागत नाही. नायलॉनचं जाजम ॲम्प्लिफायरपासून दूर सरकवा.

आणि दुकानात न्यावंच लागलं तर नुसतं 'चालत नाही' म्हणून ठेवून येऊ नका. 'स्टॅटिकच्या झटक्यानंतर झालं, रात्रभर पिन काढून ठेवला होता, रिले टक् करतो की नाही, कुठली इनपुट चालते, कुठली नाही' हे सगळं कागदावर लिहून यंत्रालाच चिकटवा. कारागिराचा अर्धा दिवस वाचतो, आणि अख्खा बोर्ड बदलायला लावण्याआधी तो नेमक्या चिपपाशी पोचतो.