राखणदाराचे नाव आधी लिही

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि प्रबंधाचा आराखडा मिळाला. जुन्या झाडांचे जनुकशास्त्र घे, नाही तर धनगरांची चराई घे, पण दोहोंपैकी एकच निवड, असे मार्गदर्शकांनी बजावल्यापासून तू गोंधळली आहेस. दोन्ही ठेवले तर परीक्षक आपल्याला ना धड जनुकशास्त्राचे मानतील, ना धड समाजशास्त्राचे, ही तुझी भीती अगदीच निराधार नाही. मात्र हे दोन वेगळे विषय आहेत, हे तू इतक्या सहज मान्य कसे केलेस?

गोरखचिंचेचेच, म्हणजे बाओबाबचेच पाहा. तिच्या आठ प्रजातींपैकी सहा मादागास्करमध्ये, एक ऑस्ट्रेलियात आणि एक आफ्रिका खंडात आढळते, आणि विजापूर, गोवळकोंडा, मांडू किंवा मुंबईच्या राणीच्या बागेत आपण पाहतो ती झाडे याच आफ्रिकी प्रजातीची आहेत. फळे समुद्रातून तरंगत आपल्या किनाऱ्याला लागली असावीत, असेही एक मत होते. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवले की ही प्रजाती भारतात एकदाच नव्हे, तर वेगवेगळ्या काळांत अनेकदा आली आणि तिचे नाते पश्चिम आफ्रिकेशी तसेच आग्नेय आफ्रिकेच्या किनारपट्टीशी जुळते. डीएनएने नाते सांगितले, पण बी जहाजात कोणी चढवले हे सांगितले नाही. त्यासाठी त्या संशोधकांना अरब आणि स्वाहिली व्यापार, हबशी आणि सिद्दी लोकांचे येणे-जाणे, पोर्तुगीजांच्या सफरी हा सारा इतिहास धुंडाळावा लागला. प्रयागराजजवळच्या झुंसी येथील झाडाचे वय रेडिओकार्बन चाचणीत साडेसातशे वर्षांच्या पुढे निघाले, म्हणजे सगळे श्रेय पोर्तुगीजांना देऊन मोकळे होण्याचीही सोय राहिली नाही. म्हणून सांगतो, झाड कोणी आणले आणि कोणी राखले हे विचारल्याशिवाय नमुन्याच्या पिशवीवर क्रमांक घालू नकोस.

आराखड्यातील दोन गोष्टी मात्र मला खटकल्या, आणि त्या इतक्या प्राथमिक आहेत की रागही आला. डीएनएवरून झाडाचे वय काढण्याचा विचार सोडून दे. नाते कळणे वेगळे आणि वय कळणे वेगळे. पोकळ आणि अनेक खोडे जुळून बनलेल्या या झाडात घेरावरूनही वयाचा भरवसा धरता येत नाही. शिवाय आफ्रिकी गोरखचिंच टेट्राप्लॉइड आहे, तिच्यात गुणसूत्रांचे दोन नव्हे तर चार संच असतात, त्यामुळे तू नेहमीच्या झाडांसाठी वापरतेस ती गणिते इथे जशीच्या तशी चालणार नाहीत.

आता माळरानाकडे ये. माण, खटाव, सांगोला अशा कोरड्या पट्ट्यात पावसाळा काढून दसरा-दिवाळीनंतर घाट उतरणारे धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरणारे त्यांचे तळ, कोकणात कापणी झालेल्या भातखाचरांत मेंढरे बसवतात आणि शेतकरी त्या खताबद्दल धान्य किंवा पैसे देतात. हे तुला ठाऊक आहे. पण वाडा हलल्यावर त्या जागेवर बसून लेंड्यांचा थर बोटांनी उकरून पाहिला आहेस का? शेंगांच्या हंगामात त्यात बाभळीच्या काळसर, चपट्या बिया सापडतात. काही लेंड्यांतून पडलेल्या, काही रात्री रवंथ करताना तोंडातून गळलेल्या. अशा बियांचे कवच मऊ होऊन त्या लवकर रुजतात, हे जुन्या वनखात्यालाही माहीत होते, आणि बाभूळ पेरण्यासाठी शेळ्यामेंढ्यांच्या कोंडवाड्यांतून बी गोळा केले जाई. मग वाड्यांच्या वाटेवरच्या बाभळी एकमेकींच्या जवळच्या नात्यातल्या निघतात की नाही, हा प्रश्न जनुकशास्त्राचा की चराईचा? हरितलवकातील डीएनए बहुतेक सपुष्प वनस्पतींत आईकडून, म्हणजे बियांबरोबरच पुढे जातो, तेव्हा बियांचा प्रवास तपासण्याचे साधन तुझ्या हातात आहे. उत्तर नकारार्थी आले तरी ते छाप. मेंढरे जे मिळेल ते पसरवतात. कच्छच्या बन्नी या गवताळ प्रदेशात लावलेली वेडी बाभूळ, ही परदेशी काटेरी जातही जनावरांच्या पोटांतूनच फोफावली, हे विसरून धनगरांची आरती ओवाळू नकोस.

राखणदाराला वगळल्यावर काय होते ते पाहायचे असेल तर भरतपूरच्या केवलादेव या पाणपक्ष्यांच्या राष्ट्रीय उद्यानाचा इतिहास वाच. 1982 मध्ये तिथे चराईबंदी झाली, विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार होऊन माणसे दगावली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या प्रदीर्घ अभ्यासातून असे दिसले की म्हशी नाहीशा झाल्यावर पाणगवत माजले, उघडे पाणी आक्रसले आणि पाणपक्ष्यांचीच अडचण झाली. तोवर म्हशी बंदी घालणाऱ्यांच्या लेखी उपद्रवच होत्या.

हा शब्द माझ्या परिचयाचा आहे. मीही एका संस्थेच्या सर्वेक्षणावर काम करत होतो, ज्याच्या तक्त्यात मेंढपाळांची नोंद 'उपद्रव' या रकान्यात आणि कुसळी गवताने भरलेल्या माळाची नोंद 'ऱ्हास पावलेले वन' अशी करायची होती. जिथे कधी वन नव्हते तिथे ऱ्हास कशाचा, असे विचारून मी सही नाकारली. पुढे त्या संस्थेचे दार मला बंद झाले आणि जनुकीय तंत्र कधी माझ्या हाताला आले नाही, ही खंत आहे. लोक त्याला हट्टीपणा म्हणतात, म्हणोत बापडे. त्या अहवालाच्या आधारे माळावर गिरिपुष्प हे परदेशी झाड लावले गेले, आणि माझे म्हणणे चुकीचे होते असे अजून कोणी मला दाखवून दिलेले नाही. तुझ्याजवळ मात्र तंत्र आणि माणसे, दोन्ही आहेत, म्हणून तुझ्या टाळाटाळीचा मला जास्त राग येतो.

तेव्हा प्रकरणे वेगळी करू नकोस. नोंदवहीचा पहिला रकाना राखणदाराचा ठेव: झाड कोणाच्या बांधावर, शेंगा कोण झोडपतो, वाडा कोणत्या महिन्यात येतो, किती रात्री बसतो, अक्षांश-रेखांश त्यानंतर. नाव छापण्याआधी त्या माणसाची परवानगी घे. हंगामी चराईचा हक्क 2006 च्या वनहक्क कायद्याने मान्य केला आहे, त्यामुळे तुझी वही उद्या एखाद्या दाव्यात पुरावा म्हणून मागितली जाऊ शकते. तारखा नीट घाल. मार्गदर्शकांना पाठवायचा मजकूर आधी मला दाखव. वाडे दसऱ्यानंतर निघतील, त्यापूर्वी हे झाले पाहिजे.

तुझा,
सर