एकटा अल्बम, एकल अल्बम की आणखी काही?

निपाणीच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. अमेरिकन गायक-गीतकार पॉल सायमनवर लिहिताना त्यांनी 'गारफंकेलबरोबरची जोडी सोडल्यावरचा सायमनचा पहिला एकटा अल्बम' असं लिहिलं. तपासणाऱ्याने 'एकटा' खोडून 'एकल' केलं. ताई म्हणतात, "एकल हे सरकारी अर्जातल्या रकान्यासारखं वाटतं. घरात विचारलं तर सगळे सोलोच म्हणूलालेत की! मग लिहायचं काय?"

ताई, 'एकटा' खोडलं ते बरं झालं. एकटं माणूस असतं, फार तर माळावरचं झाड. 'एकटा अल्बम' म्हटलं की कपाटात धूळ खात पडलेला कुणाच्या तरी लग्नाचा फोटोंचा अल्बम डोळ्यांपुढे येतो. पण हा शब्द तुमच्या हातून का उतरला असेल, याचा एक अंदाज आहे. आपल्या भागात कानावर कन्नड सतत पडतं आणि कन्नडमधला 'ओंटी', म्हणजे एकटा, माणसाला चालतो, घराला चालतो, हत्तीलाही चालतो. खानापूरच्या जंगलाकडून कळप सोडून आलेला हत्ती म्हणजे 'ओंटी सलग'. त्याच्या उलट 'जंटी', म्हणजे जोडीचं, सामाईक; बँकेत 'जंटी खाते' आपण रोज वाचतो. मराठीत 'एकटा'चा पैस एवढा मोठा नाही.

आता 'एकल'. शब्द चूक नाही. 'एकल गायन', 'एकल वादन' रूढ आहे, मथळ्यात 'एकल अल्बम' खुशाल घालावं. तरी तो तुम्हाला परका का वाटतो, ते पाहण्यासारखं आहे. ख्याल गाणारा मुळात एकटाच गातो. आपल्या सुळेभावीचे कुमार गंधर्व मैफलीला बसले, तर 'कुमारांचं एकल गायन' असं कुणी म्हणणार नाही, नुसतं 'गाणं'. दोघं बसले तरच वेगळं नाव लागतं: सहगायन, जुगलबंदी. तबल्याचं नेमकं उलट. तबला एरवी साथीला, म्हणून तबलजी स्वतःच मध्यभागी बसला की पत्रिकेवर 'स्वतंत्र तबलावादन' छापावं लागतं. जे नेहमीचं त्याला नाव नसतं, वेगळं घडलं की नाव लागतं. पाश्चात्त्य पॉपमध्ये चौघांचा बँड किंवा दोघांची जोडी हे सर्रास, म्हणून तिथे 'सोलो'ची गरज पडली. आपल्याकडे गायकाच्या बाबतीत ती फारशी पडलीच नाही.

मग तबल्याचा 'स्वतंत्र' उचलावा का? मी उचलणार नाही. 'स्वतंत्र अल्बम' म्हटलं की सिनेमाबाहेरचा, असाही अर्थ निघतो. 'एकट्याचा अल्बम' व्याकरणाने चोख, पण सायमनच्या बाबतीत खोटा पडतो. १९७२च्या त्या अल्बममध्ये जमैकाचे वादक आहेत, एका तुकड्यात स्टेफान ग्रापेलीचं व्हायोलिन आहे. एकट्याचं त्यात होतं ते नाव.

आणि आपल्याला हवा तो शब्द तिथेच आहे. माझ्या मामांच्या घरी भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा चार उतारे वेगळे निघाले. पेरणीला आजही चौघांची माणसं एकमेकांच्या शिवारात असतात, विहीर तर सामाईकच. पण रान ज्याच्या त्याच्या नावावर. सायमनचं तसंच झालं. १९७०मध्ये जोडी फुटली, त्याने वेगळी चूल मांडली आणि अल्बमला नावही दिलं नुसतं 'पॉल सायमन'. म्हणून मी लिहीन: 'गारफंकेलपासून वेगळं झाल्यावर सायमनने स्वतःच्या नावावर काढलेला पहिला अल्बम'. लांब आहे, पण वाचणारा अडखळत नाही.

तुमच्या वाक्यातला 'पहिला' मात्र तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटला, आणि खरी चूक तिथे होऊ शकली असती. सायमनने १९६५मध्येच इंग्लंडमध्ये एक अल्बम केला होता. एक गळा, एक गिटार. 'एकट्याचा' हे विशेषण शोभतं ते त्याला. तेव्हा 'वेगळं झाल्यावरचा पहिला' हे शब्द वाक्यातून गाळू नका. नुसतं 'पहिला एकल अल्बम' लिहिलं की १९६५चा अल्बम पुसला जातो.

जाता जाता 'जोडी सोडली'बद्दल. साथीदार सोडतात, जोडी फुटते किंवा मोडते. बाजारात बैलवाला 'जोडी फोडून देणार नाही' म्हणतो, तेच क्रियापद. आणि एकाने उत्साहाने सुचवलेलं 'बिनजोड गायक' नको. तो शब्द कुस्तीच्या फडातला, ज्याला तोड नाही अशासाठी. जोडीदार नसलेला प्रत्येक जण बिनजोड कुठला!

याच्या अगदी उलटा मासला आपल्याच सिनेसंगीतात आहे. 'राम-लक्ष्मण' या जोडीतले सुरेंद्र १९७६मध्ये गेले. मागे राहिलेले विजय पाटील पुढची कित्येक वर्षं एकट्याने चाली देत राहिले आणि पाटीवर नाव तेच ठेवलं, राम-लक्ष्मण. समास द्वंद्व, माणूस एक. त्यांच्या त्या कामाला 'एकल' म्हणायचं धाडस तुमचा तपासणाराही करणार नाही.