खेळते कोडी, पण प्रोग्रामिंग आवडतं का?

सप्रेम नमस्कार.

तुमची मुलगी अकरावी सायन्सला आहे, रोज तासभर ब्राउझरमध्ये २०४८ (आकडे जुळवायचा खेळ) आणि वर्डल (शब्द ओळखायचा खेळ) खेळत बसते, सुट्टीत स्वतःच जावास्क्रिप्ट ही प्रोग्रामिंगची भाषा शिकली. ‘वेळ वाया चाललाय, की हिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगलाच घालू?’ असं तुम्ही विचारलंय. नुसत्या खेळण्यावरून यातलं काहीही ठरवू नका. कोडं सोडवायची आवड निराळी आणि कोडं घडवायची निराळी. दुसरी आहे का, हे घरच्या घरी कळतं.

तिला २०४८ स्वतः लिहायला सांगा. गाब्रिएले चिरुली या १९ वर्षांच्या इटालियन मुलाने २०१४ मध्ये एका शनिवार-रविवारी तो लिहिला आणि कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला. तो कोड तिने आधी उघडू नये. पाटीवर घरं १६ च: आकडे चारपैकी एका दिशेला सरकवायचे, सारखे दोन भिडले की जुळून त्यांची बेरीज होते, आणि दर चालीनंतर एक नवा आकडा येतो. चार दिशांसाठी चार फंक्शनं (एकेक काम करणारे कोडचे तुकडे) नकोत. एक ओळ डावीकडे सरकवणारं एकच लिहावं, बाकीच्या दिशांना पाटी फिरवून तेच वापरावं. गाडी अडते ती इथे: २, २, ४ ही ओळ डावीकडे सरकली की ४, ४ व्हायला हवी. पहिल्या प्रयत्नात बऱ्याचदा थेट ८ होतो, कारण नुकताच जुळलेला ४ त्याच चालीत पुन्हा जुळतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे काहीच हललं नसताना नवा आकडा टाकणं. शिवाय पाटी भरली म्हणजे खेळ संपला असं नाही, शेजारीशेजारी सारखे आकडे असतील तर चाल उरते.

रोजच्या त्याच एका तासात, तीन आठवडे. चूक सापडत नाही तेव्हा ती काय करते ते बघा. वहीत ओळ मांडून एकेक पायरी तपासते, की कुठूनतरी तयार कोड आणून चिकटवते? मला तिच्या गुणपत्रिकेपेक्षा हे जास्त सांगून जाईल.

हे जमलं तर मराठी वर्डल करू द्या, त्यात खरी गंमत आहे. ‘मराठी’ आपल्याला तीन अक्षरं, जावास्क्रिप्टला पाच: काना आणि वेलांटी ते वेगळी मोजतं. सेगमेंटर हे अक्षरं वेगळी करणारं जावास्क्रिप्टमधलंच साधन वापरलं की तीन मिळतात, पण जोडाक्षर एकसंध राहील की तुटेल हे ब्राउझरच्या आवृत्तीवर ठरतं, म्हणून ‘क्षमा’सारखे शब्द तपासूनच घ्यावेत. वर्डलमध्ये अक्षर किती बरोबर आलं ते घराचा रंग सांगतो. मग प्रश्न येतो: व्यंजन बरोबर पण काना चुकला, तर घराला रंग कोणता? हा नियम तिलाच ठरवावा लागेल.

प्रवेशाचं गणित मात्र वेगळं आहे. इंजिनिअरिंग प्रवेशाच्या एमएचटी-सीईटी परीक्षेत पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गटात २०० पैकी १०० गुण गणिताचे, प्रोग्रामिंगचा एकही नाही. त्यामुळे बारावीच्या वर्षी हा तास शनिवार-रविवारपुरताच ठेवा. शाखेचा निर्णय आज घ्यायची घाई नाही. स्टॅटिस्टिक्स किंवा मेकॅनिकलला गेली तरी हे प्रोग्रामिंग तिथे उपयोगी पडेल.

एक कराच. ती अडली की उत्तर शोधून देऊ नका. शेजारी बसा आणि म्हणा, ‘ही ओळ नेमकं काय करते, मला समजावून सांग.’ प्रोग्रामिंग तुम्हाला येत नसलं तरी चालेल. सांगता सांगता चूक पुष्कळदा तिची तिलाच दिसते.